फोटोतला दुसरा हात

फिलिप हाल्समनचा ‘दाली ॲटॉमिकस’ हा फोटो पुष्कळांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. 1948 सालचा. चित्रकार साल्वादोर दाली हवेत उडालेला, डोळे वटारलेले, मिश्या ताठ. आजूबाजूला तीन मांजरं आणि पाण्याचा एक लांबलचक लोट हवेतून चाललाय. खुर्ची, इझल, चित्र, सगळंच अधांतरी. फोटोशॉपचं नाव निघायला अजून चाळीसेक वर्षं होती, त्यामुळे हे सगळं खरोखर करावं लागलं. इझल आणि चित्रं तारांनी टांगली. मदतनिसांनी मांजरं फेकली, बादलीने पाणी मारलं आणि पाठोपाठ दालीने उडी मारली. मग हाल्समन अंधाऱ्या खोलीत जाऊन फिल्म धुऊन बघणार, बाकीचे फरशी पुसणार, भिजलेली मांजरं शोधून आणणार, आणि पुन्हा पहिल्यापासून. तासन् तास हे चाललं होतं. मांजरांना कुणी विचारलं नसावं.

मला प्रसिद्ध झालेल्या फोटोपेक्षा त्याचं दुरुस्त न केलेलं प्रिंट जास्त आवडतं. त्यात तारा दिसतात. इझलवरची चौकट रिकामी आहे. आणि खुर्ची तरंगत नाहीये, ती एका हाताने धरलेली आहे. खुर्ची धरून उभी होती हाल्समनची बायको, इव्हॉन. पुढे प्रिंटवर काम झालं, तारा आणि हात गेले, आणि रिकाम्या चौकटीत दालीने आपल्या हाताने चित्र काढलं. म्हणजे एकाच कागदावरून एक हात गेला आणि दुसरा आला. आलेल्या हाताचं नाव फोटोच्या शीर्षकातच आहे.

कॅमेरा गळ्यात अडकवला की माणूस एकटा फिरायला लागतो. निदान मी तरी लागले. चौकट माझी, क्षण माझा, बोट माझं. रविवारी सकाळी दहा-पंधरा जण मिळून जुन्या पेठांत फोटो काढत हिंडतात, तेही खरं तर एकेकटेच हिंडत असतात. एकाच चहावाल्याच्या वाफेचे पंधरा फोटो निघतात आणि प्रत्येकाला आपलाच बरा वाटतो. त्याला मी सहकार्य म्हणणार नाही. दुसरा कलाकार माझ्या कामात खरोखर आला हे कधी म्हणायचं? माझ्या मते, तो माझा फोटो बिघडवू शकत असेल तेव्हा. तोवर तो पाहुणा, मदतनीस, फार तर विषय.

आमच्या घरी पणजोबांचा एक मोठा फोटो आहे. पगडी गुलाबी, उपरण्याची किनार सोनेरी, गालांवर जरा जास्तच लाली. मूळ फोटो अर्थातच कृष्णधवल. रंग वरून हाताने भरलेले. खालच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव उठावाच्या शिक्क्याने छापलेलं आहे. रंग भरणाऱ्याचं नाव नाही. ते कुठेच नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानभर स्टुडिओ निघाले, तेव्हा पोथ्यांची आणि दरबारांची चित्रं काढणाऱ्या कितीतरी हातांचं काम कॅमेऱ्याने काढून घेतलं, आणि त्यातल्याच काही हातांना त्या कॅमेऱ्याच्या प्रिंटवर रंग भरण्याचं काम मिळालं. नाथद्वाऱ्यात तर याच्याही पुढची गंमत झाली. यजमानाचा चेहरा फोटोतून कापून घ्यायचा, श्रीनाथजींच्या चित्रात चिकटवायचा, आणि बाकीचं अंग, अंगरखा, जोडलेले हात सगळं रंगवायचं. चेहरा यंत्राचा, भक्ती कुंचल्याची. आज ही चित्रं पाहताना सांधा शोधायला नजर धावते, पण काढणाऱ्याला तो लपवायचाही नव्हता आणि मिरवायचाही नव्हता. यजमान ओळखू आला पाहिजे आणि देव देवासारखा दिसला पाहिजे, एवढाच हिशेब.

पणजोबांच्या गालांवरची लाली मी लहानपणी हसण्यावारी नेत असे. आता वाटतं, त्या फोटोतला निर्णय घेणारा माणूस तो रंग भरणाराच होता. फोटोग्राफरने पणजोबांना खुर्चीत बसवलं, मान स्थिर ठेवायला सांगितलं, काचेवर जे आलं ते आलं. पगडी गुलाबी करायची की केशरी, हे दुसऱ्याच कुणी ठरवलं, बहुधा पणजोबांना न पाहताच. आमच्या घरात चार पिढ्या ती पगडी गुलाबी म्हणूनच सांगितली जाते.

असाच एक हात दादासाहेब फाळक्यांच्या गोष्टीत आहे. फाळके सिनेमाकडे वळले ते फोटोग्राफी, छपाई, चित्रकला अशी बरीच वळणं घेऊन. बडोद्याचं कलाभवन, लोणावळ्याजवळचा रविवर्म्यांचा छापखाना. 1912 साली त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि त्याच्यासमोर कॅमेरा ठेवून रोज थोडी थोडी फिल्म चालवत राहिले, रोप वर येईपर्यंत. सलग दाखवल्यावर मिनिटाभरात बी फुटून वेल चढायला लागते. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून केलेला हा प्रयोग. नाव ‘अंकुराची वाढ’. पण त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली येई. ती भोकं अंधारात बसून पाडायची, मग फिल्म धुवायची, चित्रीकरणात उन्हाचा उजेड पात्रांच्या तोंडावर पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून उभं राहायचं, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा, हे सरस्वतीबाई फाळक्यांनी केलं. भोकं चुकली तर फिल्म यंत्रात अडकते आणि अंकुर जागच्या जागी थांबतो. माझ्या व्याख्येत त्या बरोबर बसतात: बिघडवण्याची पुरेपूर ताकद असलेला हात. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये आला तेव्हा श्रेय कुणाचं हे कुणाला विचारावंही लागलं नाही.

त्याच रविवर्म्यांच्या चित्रांकडे सुमारे नव्वद वर्षांनी बंगळूरच्या कलाकार पुष्पमाला एन. वळल्या. 2000 ते 2004 या काळात त्यांनी आणि छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांनी ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ ही मालिका केली. रविवर्म्यांची लक्ष्मी, चांदण्यातली स्त्री, इंग्रज मानववंशशास्त्रज्ञांनी चौकटी आखलेल्या पडद्यासमोर उभी केलेली आदिवासी बाई, अशा ओळखीच्या प्रतिमा घ्यायच्या, आणि पुष्पमालांनी तो वेष करून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. बटण आर्नी दाबणार. मग फोटो कुणाचा? दोघींचा, असं त्या सांगतात. मला मात्र मालिकेतला तो भाग सगळ्यात प्रामाणिक वाटतो, ज्यात त्यांनी हे फोटो कसे बनले त्याचेच फोटो लावले: रंगवलेले पडदे, दिवे, साडी नीट करणारे, सामान उचलणारे. हाल्समनच्या प्रिंटवरून जे पुसलं गेलं, ते इथे मुद्दाम भिंतीवर टांगलं.

पण या सगळ्यात मी पुन्हा पुन्हा जाते ती गंजाडला. गंजाड हे डहाणू तालुक्यातलं गाव. 2013 मध्ये दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल तिथल्या प्राथमिक शाळेतल्या एका उपक्रमासाठी आल्या आणि वारली चित्रकार राजेश वांगड यांच्या घरी राहिल्या. वांगडांनी त्यांना परिसर दाखवला. हा डोंगर, इथे हा देव, इथे पूर्वी जंगल होतं, इथे अमुक घडलं. गिल यांनी फोटो काढले, कृष्णधवल, रुंद, शांत. आणि त्यात वांगड उभे, चौकटीच्या मानाने लहान. नंतर पाहिलं तर फोटोत डोंगर होता, माळ होता, आकाश होतं, आणि वांगडांनी सांगितलेल्यातलं काहीच नव्हतं. गोष्टींना लेन्समध्ये शिरायला वाट नव्हती. तेव्हा गिल यांनी ती प्रिंटं वांगडांपुढे ठेवली आणि त्यांनी त्यांवर शाईने काढायला सुरुवात केली. ‘फील्ड्स ऑफ साइट’ हे त्या कामाचं नाव. दोघांच्या नावाने.

ही चित्रं पाहायला वेळ लागतो. लांबून फोटोवर धुकं किंवा मुंग्या पसरल्यासारखं दिसतं. जवळ गेलं की झाडं, जनावरं, घरं, यंत्रं, वाटा, शेकडो लहान माणसं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेली ती माणसं आपल्याला सरकारी भिंतींवरून आणि चहाच्या मगांवरून इतकी सवयीची झाली आहेत की आपण ती पाहायचं सोडून दिलंय. इथे ती पुन्हा दिसतात, कारण त्यांच्यामागे खरा डोंगर आहे.

आणि इथे दोन पाहण्यांची टक्कर होते. कॅमेरा एका जागी उभा राहतो. त्याला क्षितिज लागतं, जवळचं मोठं, लांबचं लहान. वारली चित्राला यातलं काही लागत नाही. तारप्याभोवतीचा नाच वरून दिसतो आणि नाचणारी माणसं समोरून. पेरणी, कापणी आणि लग्न एकाच भिंतीवर एकाच वेळी. घराच्या भिंतीवर शेण-मातीवर, गेरूवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने लग्नाचा चौक सुवासिनी काढायच्या, तेव्हा पालघाट देवी मध्ये बसायची आणि बाकीचं जग तिच्याभोवती. ते एका माणसाला एका ठिकाणाहून दिसलेलं जग नव्हतं. पुढे 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी या पाड्यांवर कागद नेला, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर गेलं, आणि बायकांची कला बरीचशी पुरुषांच्या सहीची झाली. तो वेगळा आणि लांबचा विषय आहे, पण सहीचं बोलताना तो मनाच्या मागे राहतोच.

वांगड फोटोतल्या क्षितिजाला जुमानत नाहीत. आकाशातही माणसं चालतात. पण फोटोतला डोंगर ते झाकतही नाहीत; काढलेली गोष्ट त्याच्या उतारावरून, ओढ्याच्या कडेने जाते. आणि गिल यांच्याकडे परत जाऊन पाहिलं तर लक्षात येतं की त्यांच्या फोटोंत मोकळी जागा खूप आहे. त्या मालिकेतून वांगडांची शाई मनातल्या मनात पुसून पाहिली, तर उरलेले फोटो नुसतेच सुंदर आहेत. कुणीतरी येण्यापूर्वी झाडून ठेवलेल्या अंगणासारखे. कसलेल्या छायाचित्रकाराला असा फोटो काढणं जड जातं. आपलं सगळं शिक्षण चौकट भरण्याचं, नजर बांधून ठेवण्याचं, फोटो ‘पूर्ण’ करण्याचं. पूर्ण झालेल्या फोटोत दुसऱ्याला करायला उरतं काय? सही.

गिल यांनी पुढे 2015 पासून जव्हारच्या बाजूला वेगळं काम केलं, तेही याच वाटेवरचं. तिथे बोहाड्याची सोंगं असतात, देवादिकांची, कागदाच्या लगद्याची. सुभाष आणि भगवान धर्मा कडू या मुखवटे करणाऱ्या भावांना आणि त्यांच्या सोबत्यांना त्यांनी विचारलं, आताच्या जगण्याचे मुखवटे कराल का? मग गावातलीच माणसं प्राण्यांची, वस्तूंची, वेगवेगळ्या भावांची डोकी घालून आपापल्या रोजच्या जागी बसली आणि फोटो निघाले. चेहरा झाकला की आपण माणसाचे हात, खांदे, बसण्याची ढब पाहायला लागतो. वर्तमानपत्रातल्या ‘आदिवासी पाड्यावरचं दृश्य’ या छापाच्या फोटोंत जे कधी दिसत नाही ते मुखवट्यामुळे कसं दिसतं, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही.

आता माझं काम. मी काही वर्षं सायनोटाइप करते. पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फेरिक अमोनियम सायट्रेट ही दोन द्रावणं मंद उजेडात मिसळायची, कागदाला किंवा कापडाला ब्रशने लावायची, अंधारात वाळवायची, वर निगेटिव्ह आणि काच ठेवून उन्हात ठेवायचं. हिरवट पिवळा रंग करडा होत जातो. मग साध्या पाण्यात धुतलं की निळा उमटतो, वाळता वाळता गडद होतो. जॉन हर्शेलने हे 1842 मध्ये शोधलं. इंजिनिअर लोकांची पूर्वीची ब्लू प्रिंट हीच. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने समुद्रातल्या शेवाळांचे ठसे याच पद्धतीने काढायला घेतले, आणि 1853 मध्ये तिने मैत्रीण ॲन डिक्सनबरोबर नेच्यांचे ठसे केले. कोणतं पान कुणी मांडलं, कुणी उन्हात धरलं, हे त्या निळ्याकडे पाहून सांगता येत नाही.

माझा निळा आंबेगाव तालुक्यातल्या एका वाडीवर गेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथल्या उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात. त्या उतरत्या पाण्याच्या रेषांचे माझे फोटो होते. ते सुती कापडावर छापून त्याची गोधडी करून घ्यावी असं डोक्यात होतं, आणि तिथल्या एक मावशी उत्तम गोधड्या शिवतात असं कळलं होतं. मावशींनी कापड उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं, वास घेतला. पहिला प्रश्न: “धुतल्यावर ऱ्हातंय का?”

मी खरं ते सांगितलं. नुसत्या पाण्याने राहतं. सोडा लागला, कडक साबण लागला की उडतं.

“मंग ही गोधडी कशी म्हनायची, ताई? ज्याला धुवायचं न्हाई ते भितीलाच लावा.”

मी भिंतीलाच लावणार होते, हे सांगायला जीभ रेटेना. पण मावशींनी विषय सोडला नाही. एक तुकडा त्यांनी सरळ धुण्याच्या सोड्यात टाकला. निळा गेला, फिकट पिवळी आकृती राहिली. त्या म्हणाल्या, त्यांची आई कापड काळं करायला हिरड्याच्या पाण्यात घालायची, लोखंडाच्या भांड्यात. घरात बाळहिरड्याचं पोतं होतंच. त्या भागात हिरडा गोळा करून विकणं हे नेहमीचं. हिरडा कुटून उकळला आणि तुकडा त्यात बुडवला. पिवळ्या आकृतीतून हळूहळू करडा, मग तपकिरी काळा रंग वर आला. सायनोटाइपचा निळा म्हणजे लोहाचाच रंग. सोड्याने तो मोडला तरी लोह धाग्यात राहतं, आणि हिरड्यातल्या टॅनिनशी त्याची गाठ पडली की काळं होतं. जुनी पोथ्यांची काळी शाई काही ठिकाणी याच जोडीवर बनायची. चहाने सायनोटाइप तपकिरी करतात हे मी वाचलं होतं, केलंही होतं. हिरड्यापर्यंत मी पोचले नसते. पांढऱ्या जागाही हिरड्याने पिवळसर झाल्या. निळं पाणी गेलं आणि गढूळ पाणी आलं, जे मे महिन्यातल्या डिंभ्याच्या पाण्याला जास्त शोभतं. हा रंग साबणाला बराच टिकतो. लोहाने काळं केलेलं सूत वर्षानुवर्षांनी त्याच जागी आधी विरतं, हेही खरं; मावशींना ते माहीत होतं. “विरंल तवा ठिगाळ लावू.”

मग शिवण. गंजाडसारखं काही होईल अशी माझी अपेक्षा होती. टाका पाण्याच्या रेषेबरोबर वळेल, एखादा बुडालेला बांध धाग्याने वर येईल. मावशींनी जुन्या नऊवारीचे थर अंथरले, वर माझा फोटो, आणि कडेपासून धावदोरा घालत आत यायला लागल्या. चारी बाजूंनी, आतल्या आत, सरळ. पाणी आडवं येवो की आकाश. फोटोकडे त्या बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या कापडाकडे: कुठे झोळ पडतोय, कुठे थर सरकतोय, कुठलं कापड आधीच झिजलंय आणि तिथे टाके जवळ घ्यायला हवेत.

वांगड फोटोला उत्तर देतात. मावशींनी माझ्या फोटोला उत्तर दिलं नाही. तो त्यांच्या लेखी वरचा एक थर होता. सहकार्यावरच्या भाषणांत ‘संवाद’ हा शब्द फार येतो. इथे संवाद नव्हता, किंवा होता तो हिरड्याच्या पातेल्यापाशी झाला होता. आणि तरी जे तयार झालं ते मी एकटीने, किंवा माझं ऐकणाऱ्या कुणाला घेऊन, केलं नसतं. फोटोतल्या लांबवरच्या आकाशाला त्या टाक्यांनी जाडी आली. उन्हात धरलं की प्रत्येक टाक्याशेजारी एक बारीक सावली पडते आणि पाणी आपोआप हलतं. मला जो परिणाम लेन्सने साधायचा होता, तो झोळ न पडावा म्हणून घातलेल्या दोऱ्याने साधला.

पैशाचं बोलणं मी काढलं. विकली गेली तर निम्मं निम्मं, नाव दोघींचं. मावशी म्हणाल्या, “नाव टाका. पर आदी मजुरी द्या, निम्म्याचं मागनं बघू.” शहरात आम्ही मंडळी भागीदारीला मजुरीपेक्षा वरचा मान देतो. त्यात जोखीम असते हे सोयीने विसरतो. विकली गेली नाही तर माझं काय जाणार होतं? थोडी रसायनं आणि प्रवासखर्च. त्यांचे पंधरवडे गेले असते. तेव्हा मजुरी आधी, वाडीत चालतो त्याच्यापेक्षा जास्त दराने, आणि विक्रीतला हिस्सा वेगळा. दोन प्रदर्शनांच्या पाट्यांवर नाव दोघींचं लागलं. एके ठिकाणी आयोजकांनी ‘छायाचित्रं’ खाली माझं आणि ‘सहाय्य’ खाली त्यांचं छापलं होतं. तो फलक बदलून घेतला. चहापाण्याच्या वेळी एका गृहस्थांनी मला विचारलं, टाके तुम्हीच आखून दिले होते ना? दोघींमधलं कोण काय आखतं याचा त्यांना अंदाज नव्हता.

मागच्या खेपेला मावशींनी त्यांचा मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात नातवाचे फोटो, लेन्सवर आलेलं बोट, लाइटबिल, शेजारणीच्या लग्नातल्या पंगतीचे पाठमोरे फोटो, आणि शेवटी नुकत्याच व्यालेल्या म्हशीचं रेडकू, पाय अजून न सावरलेले, निम्मं चौकटीबाहेर. “हे छापा. पर निळं नको, तसलं काळंच.” मी म्हटलं, रेडकू अर्धं कापलं गेलंय. त्या म्हणाल्या, “अर्दं म्या शिवंन की.” मोठं निगेटिव्ह काढून आणायचं माझ्याकडे आहे. कापड त्या देणार आहेत, आणि हिरडा यंदा महाग झाल्यामुळे त्याचे पैसे मी द्यायचे असं ठरलंय.